विद्यापीठात प्रवेश तर मिळाला, पण पुण्यात राहायचं कुठे?

२०१९ च्या जुलैत मी गेवराईहून पुण्याला आले, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करायला. आता तिथेच पीएच.डी. चालू आहे. मधल्या काळात चार जागा झाल्या. पहिल्या दोन चुकल्या, तिसरी भर पावसात सोडावी लागली, चौथीत अजून आहे. दर जूनला गावाकडून फोन सुरू होतात, ‘ताई, खोली कुठे बघू?’ एकेकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतला मुख्य परिसर, असं धरून लिहिलंय. तुमचं कॉलेज कर्वे रस्त्याला, धनकवडीला किंवा वडगावला असेल तर भागांची नावं बदलतील, बाकीचं तसंच लागू पडेल.

१. खोली बघण्याआधी तुमचा दिवस कागदावर मांडा

‘भाडं किती?’ हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा, की मंगळवारी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत तुम्ही कुठे कुठे असणार? वेळापत्रक हातात नसलं तरी वरच्या वर्गातल्या कोणाला तरी विचारा. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, लायब्ररीत किती वाजेपर्यंत बसता येतं, विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम घेतलं तर ते सकाळी असतं की दुपारी, संध्याकाळी क्लास लावणार आहात का. हे सगळं एका कागदावर मांडलं की निम्मे भाग आपोआप गळतात.

मी हे केलं नाही. आत्या पद्मावतीला राहायची, म्हणून मीही तिथेच राहिले. भाडं शून्य, जेवण घरचं. घरच्यांना वाटलं पोरीचं नशीब. पद्मावतीहून विद्यापीठ दहाएक किलोमीटर. स्वारगेटला नाहीतर मनपाला बस बदलायची (‘मनपा’ म्हणजे महापालिकेजवळचा बसथांबा, हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा). बस विद्यापीठाच्या चौकात सोडते, विभागाच्या दारात नाही. परिसर ४११ एकरांचा आहे, त्यामुळे मुख्य दारातून आत शिरल्यावर आणखी चालायचं. जाऊन-येऊन रोजचे तीन तास जायचे. प्रॅक्टिकल साडेसहाला संपायचं, मी साडेआठला घरी. आत्या शब्दानेही बोलायची नाही, पण ताट झाकून जेवायची थांबलेली असायची. मग मला लायब्ररीत बसवेना. पहिल्या सत्रात मी विद्यापीठात फक्त तासांपुरती होते.

माझं माप सांगते. सकाळच्या गर्दीत एका बाजूला चाळीस मिनिटं आणि जास्तीत जास्त एक वाहन. दोन वाहनं बदलावी लागत असतील तर ती खोली फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.

२. वसतिगृहांचे अर्ज गावातूनच भरा, सगळीकडे भरा

विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर डोळे झाकून घ्या. पण जागा कमी, अर्ज जास्त, आणि यादी प्रवेश झाल्यावर लागते. ‘यादीत नाव येईल’ या भरवशावर बॅग भरून येऊ नका.

त्यासोबत या वाटाही बघा:

- समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं. अर्ज ऑनलाइन असतात, मुदतीकडे लक्ष ठेवा.
- वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी, व्यावसायिक अभ्यासक्रमाला असाल तर, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी.
- विद्यार्थी साहाय्यक समिती. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली ही संस्था खेड्यातून आलेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींना अल्प खर्चात ठेवून घेते. मुलाखत होते. शिस्त कडक असते, ती मान्य असेल तरच जा.
- समाजाची, जिल्ह्याची, संस्थानांच्या काळापासूनची छोटी वसतिगृहं. यांची जाहिरात नसते. तुमच्या तालुक्यातल्या, पुण्यात शिकून गेलेल्या माणसाला विचारा, त्याला एखादं तरी माहीत असतं.

योजनांचे पैसे उशिरा येतात, कधी वर्ष संपताना. ते येतील असं धरून भाडं ठरवू नका. आणि राहण्याचा पुरावा मागतात तेव्हा तोंडी बोलीवर राहणारी मुलं अडकतात. त्याबद्दल आठव्या मुद्द्यात.

३. पहिले पंधरा दिवस तात्पुरते काढा

गावातून फोटो बघून खोली पक्की करू नका, हे मी हात जोडून सांगते. आधी पंधरा दिवस कुठेतरी अंग टाका. मैत्रिणीच्या खोलीवर, नातेवाइकांकडे, नाहीतर कॉट बेसिसवर. कॉट बेसिस म्हणजे खोली नाही, खोलीतली एक कॉट भाड्याने. सोबत एक कपाट किंवा अर्धं कपाट, आणि संडास-बाथरूम सामाईक. बऱ्याच ठिकाणी महिन्याचं भाडं आणि थोडं डिपॉझिट इतक्यावर काम भागतं.

या काळातच फसवणारे भेटतात. ठरलेला नमुना आहे. ऑनलाइन जाहिरातीत औंधला चकचकीत फ्लॅट, भाडं निम्मं. फोन केला की मालक म्हणतो, ‘मी सैन्यात आहे, पोस्टिंग बाहेर आहे, किल्ली वॉचमनकडे, तुम्ही टोकन पाठवा.’ मग क्यूआर कोड येतो, ‘स्कॅन करा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील’. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. माझ्या रूममेटचे अकरा हजार असे गेले, आणि ती काही भोळी मुलगी नव्हती. घाईत होती, एवढंच. असं झालं तर रडत बसू नका, लगेच १९३० वर तक्रार करा, जितका उशीर तितकी पैसे गोठवण्याची शक्यता कमी.

४. भाग समजून घ्या

इथे थोडं सावकाश जाऊ. एजंट सांगतो तो नकाशा आणि पायांना लागतो तो नकाशा यांत फरक असतो.

खडकी, बोपोडी, औंध रोड. विद्यापीठासाठी माझी पहिली पसंती. खडकीत छावणीचा जुना बाजार आहे, भाजी आणि किराणा पेठेपेक्षा स्वस्त वाटला मला. बोपोडीला आणि खडकीला मेट्रो थांबते, खडकी आणि दापोडीला पुणे-लोणावळा लोकलही. लोकल स्वस्त, पण दुपारी बराच वेळ गाडीच नसते, हे माहीत असू द्या. विद्यापीठाला चौकातल्या मुख्य दाराशिवाय खडकीच्या बाजूनेही येण्या-जाण्याची सोय आहे. ते दार किती वाजता बंद होतं ते सुरक्षारक्षकालाच विचारा. त्या एका दारावर तुमचा रोजचा अर्धा तास अवलंबून आहे.

गोखलेनगर, जनवाडी. सेनापती बापट रस्त्याच्या अंगाला, चालत किंवा सायकलने जमेल इतकं जवळ. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या वसाहती इथे आहेत. घरं लहान, एकाला एक लागून, वर चढवलेले मजले. खोली दहा बाय दहाची असेल, पण शेजार जागा असतो आणि रात्री उशिरा परतताना गल्लीत कोणीतरी ओट्यावर बसलेलं असतं. एकट्या मुलीला याचं मोल काय ते मुलीलाच कळेल.

मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर, डेक्कन. सोय उत्तम, झाडी छान, भाडं तसंच. म्हाताऱ्या जोडप्याच्या बंगल्यातली मागची खोली मिळाली तर भाग्य. त्यांचे नियम मात्र आधी ऐकून घ्या. माझ्या एका मैत्रिणीला साडेनवानंतर बाथरूमचा नळ सोडायची बंदी होती.

औंध, बाणेर, पाषाण. इथली भाडी हिंजवडीच्या आयटीतल्या पगारांवर ठरतात. चौघी मिळून फ्लॅट घेतला तर जमतं. पाषाण हे आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) किंवा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जाणाऱ्यांना सोयीचं.

जुनी सांगवी, नवी सांगवी, पिंपळे गुरव. मुळा ओलांडली की पिंपरी-चिंचवडची हद्द. भाडं उतरतं, मराठवाड्यातली माणसं भरपूर भेटतात, ज्वारीची भाकरी देणाऱ्या खानावळी सापडतात. अडचण एकच, पूल. सकाळी पुलावर गाड्या तुंबल्या की नदीपलीकडचं विद्यापीठ दिसायला जवळ आणि पोचायला लांब. सांगवीत नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी शिरतं, तिथे तळमजला घेऊ नका.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठ. ही स्पर्धा परीक्षेवाल्यांची पंढरी. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, सगळं चालत. माझी दुसरी जागा इथेच होती, एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर, महिना ३,२०० रुपये. मैत्रीण राज्यसेवेची तयारी करत होती, तिच्या नादाने गेले. वाडा आवडला, दगडी पायऱ्या, मधला चौक, तुळस. पण त्या खोलीतल्या पाचही जणी पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत जायच्या आणि रात्री अकराला यायच्या. त्यांची घडी वेगळी, माझी वेगळी. मी दुपारी खोलीवर एकटी, रात्री माझी झोपायची वेळ ती त्यांची चर्चेची वेळ. तुम्ही एमपीएससी करणार असाल तर पेठेसारखी जागा नाही. विद्यापीठात प्रयोगशाळेत काम असेल तर पेठेत राहण्यात काही मतलब नाही.

धायरी, नऱ्हे, आंबेगाव, किरकटवाडी, नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याजवळचं). फ्लॅट मोठे आणि स्वस्त दिसतात. सिंहगड रस्त्यावरच्या किंवा कात्रजकडच्या कॉलेजांसाठी ठीक, विद्यापीठासाठी फार लांब. ही गावं २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली, पण पाण्याची व्यवस्था मागून येतेय. बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर. २०२५ च्या जानेवारीत गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. इथे राहायचंच असेल तर प्यायचं पाणी उकळून घ्या.

मेट्रोबद्दल एक. आज पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गिका चालू आहेत, दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका विद्यापीठासमोरून जाते, आणि एजंट लोक तिच्या खांबांकडे बोट दाखवून भाडं सांगतात. तुम्ही खांबाचं भाडं देऊ नका. ज्या दिवशी करार करताय त्या दिवशी जी गाडी धावतेय तीच धरा. विद्यार्थ्यांसाठी मेट्रोचं सवलतीचं कार्ड आहे आणि पीएमपीचा (शहर बसचा) पासही, पहिल्याच महिन्यात दोन्ही काढा.

५. जागा बघायला जाल तेव्हा

जून-जुलैत जागा बघताना सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ताजा रंग. माझी तिसरी जागा औंध रोडला, तळमजल्यावर. मेमध्ये बघितली तेव्हा भिंत पांढरीशुभ्र. रंग फक्त कमरेपर्यंतच नवा होता आणि वरचा जुना, हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नाही. जुलै लागला आणि खालून ओल चढायला लागली, पापुद्रे सुटून गादीवर पडायचे. कपाटातल्या सुती ड्रेसवर हिरवट ठिपके. मार्कशीटच्या झेरॉक्स एकमेकींना चिकटल्या. मालकांचं म्हणणं, ‘तुम्ही कपडे आत वाळत घालता ना, म्हणून.’ तर भिंतीला तळवा लावून बघा, थंडगार लागली की समजा. पलंग पुढे ओढायला लावा, मागची भिंत बघा. कमरेपर्यंतचा रंग दिसला की नमस्कार करून निघा.

बाकीचं पटापट सांगते.

संध्याकाळी सहा ते आठमध्ये जा. दुपारी सगळ्या गल्ल्या शांत असतात. त्याच रस्त्याने परत बसथांब्यापर्यंत चाला, दिवे लागतात का बघा.

नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. पाणी दिवसातून किती वेळ येतं, टाकी किती जणांत, हे मालकाला नाही, शेजारच्या खोलीत राहणाऱ्याला विचारा. मालकाला विचारलं की ‘चोवीस तास’ हेच उत्तर येतं.

मोबाइलला रेंज आहे का, खोलीच्या आत जाऊन बघा. जुन्या वाड्यांत दार लावलं की फोन मुका होतो.

कपडे वाळत घालायला जागा कुठे? पुण्याच्या पावसात हा थट्टेचा विषय नाही.

ओढा किंवा नदी जवळ आहे का? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मी आत्याकडेच होते. आत्याची इमारत उंचावर, म्हणून बचावलो. खालच्या वसाहतींतून रात्रभर आरडाओरडा ऐकू येत होता, सकाळी बघितलं तर गाड्या एकमेकींवर चढलेल्या. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो हे तुम्ही बातम्यांत बघता. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी होतं. पाणी कुठवर आलं होतं ते गल्लीतला किराणावाला बरोबर हात करून दाखवतो, त्याला विचारा.

आणि एक गोष्ट, जी कोणी लिहीत नाही. मालक ‘नाव काय?’ विचारतात. तुम्ही सांगता. मग ‘पूर्ण नाव?’ आणि त्यानंतर ‘गावाकडे शेती किती?’ हे प्रश्न कशासाठी असतात ते तुम्हाला कळेलच. आडनाव ऐकून ‘आत्ताच जागा गेली बघा’ असं मलाही दोनदा ऐकावं लागलं. वाद घालून मिळवलेल्या त्या खोलीत वर्षभर राहायचं असतं, म्हणून मी दोन्ही वेळा पुढे गेले. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. अंडी-मटणाचा प्रश्न मात्र स्वतःहून आधीच काढा, नंतर कढईच्या वासावरून भांडण नको.

६. खोलीआधी मेस शोधा

खोलीपासून दहा मिनिटांच्या आत परवडणारी खानावळ नसेल, तर महिन्याभरात तुम्ही वडापाव आणि मॅगीवर याल. बघायला गेलात की आधी आजूबाजूच्या दोन मेसमध्ये एकेक ताट जेवून बघा. महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, आठवडाभर रोजच्या रोज पैसे देऊन जेवा.

विचारायचं काय? पोळ्या मोजून की पोटभर. भाजी पुन्हा मिळते का. डबा खोलीवर येतो का, आणि डब्यात ताटाइतकंच देतात का. सगळ्यात महत्त्वाचं, खाडे धरतात का. खाडा म्हणजे तुम्ही जेवायला गेला नाहीत तो दिवस. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस सुट्टी घेतली, आधी सांगितलं, तरच खाडा धरतात आणि पैसे पुढच्या महिन्यात वळते करतात. काही ठिकाणी धरतच नाहीत. दिवाळीत, गणपतीत, मळणीत गावी जाणाऱ्याला यात महिन्याला चार-पाचशेचा फरक पडतो. आमच्या मेसच्या काकूंकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे, खाडा सांगितला की त्या आपल्यासमोर लिहितात आणि बाजूला आपली सही घेतात. अशी वही दिसली की ती मेस धरा.

रविवारी दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, ही पुण्याची रीत. रविवार रात्रीची सोय स्वतःच करायची. खोलीवर स्वयंपाक करणार असाल तर ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. गल्लीत मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

७. पैशांची बोलणी

एजंटची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं असते, आणि ती करार झाल्यावर द्यायची. ‘जागा दाखवायचे पाचशे’ मागणारा एजंट पाचशेच कमवायला बसलेला असतो, तो दाखवतो त्या जागा आधीच गेलेल्या असतात. गल्लीतल्या किराणा दुकानावर, इस्त्रीवाल्याकडे, मेसच्या काउंटरवर विचारलं तर दलाली वाचते. माझी आत्ताची, बोपोडीची जागा इस्त्रीवाल्या काकांनी सांगितली.

डिपॉझिट फ्लॅटला दोन-तीन महिन्यांचं मागतात. रोख देऊ नका, खात्यात पाठवा, आणि पाठवताना ‘डिपॉझिट’ असं लिहा. औंध रोडची जागा सोडताना मालकांनी माझं एक महिन्याचं भाडं ‘रंगकामाचे’ म्हणून कापलं. ज्या भिंतीने माझे कपडे खाल्ले त्याच भिंतीच्या रंगाचे! माझ्याकडे पहिल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, मग बोलणार काय? तेव्हा ताबा घेतल्या दिवशी भिंती, नळ, खिडकीच्या काचा, संडासाचं भांडं, सगळ्याचे फोटो काढून मालकांनाच पाठवून ठेवा.

लाइटबिलाकडे नीट बघा. महावितरणचा दर टप्प्यांचा आहे, पहिली १०० युनिट स्वस्त, पुढे दर चढत जातो. एका घराच्या चार खोल्या करून एकाच मीटरवर चालवल्या की चौघांची युनिटं एकत्र होतात आणि सगळे वरच्या टप्प्यात जातात. त्यावर मालक आपला सबमीटर लावून ठोक दर सांगतात. शक्य असेल तर स्वतंत्र मीटरची खोली घ्या. नसेल तर मूळ बिल दर महिन्याला दाखवायचं, एवढं आधीच कबूल करून घ्या.

८. करार केल्याशिवाय किल्ली घेऊ नका

मार्च २०२०. टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात मी दोन ड्रेस घेऊन गावी गेले, बाकी सगळं पेठेतल्या त्या कॉटखाली. पुढचे कित्येक महिने खोली बंद आणि वाडामालकांचे फोन चालू, ‘भाडं पाठवा, नाहीतर सामान बाहेर काढतो.’ आमच्यात कागद नव्हता. काय ठरलं होतं ते त्यांनी म्हणायचं आणि मी ऐकायचं.

नंतर कळलं ते असं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मला २०२० मध्ये माहीत असतं तर मी फोनवर निदान रडले नसते.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘झाला करार’ म्हणतात, ती नोंदणी नव्हे. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्या रकमेवरही पाव टक्का. समजा भाडं १२,०००, करार ११ महिन्यांचा, डिपॉझिट ३०,०००. तर मुद्रांक साडेतीनशेच्या आत. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. वर ऑनलाइन हाताळणीचं थोडं शुल्क आणि घरी येऊन करून देणाऱ्याची मजुरी. चौघींत वाटलं तर दोन पिझ्झ्यांचे पैसे.

तुमच्याकडे हे हवं:

- आधार कार्ड, मोबाइल नंबर जोडलेला
- पॅन कार्ड (नसेल तर गावातूनच काढून या)
- प्रवेशाची पावती किंवा बोनाफाईड
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो
- आई-वडिलांच्या आधारच्या प्रती
- दोन साक्षीदार, आधारसह

मालकांकडून हे बघून घ्या: लाइटबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा). त्यावरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव एकच आहे ना? नसेल तर तो स्वतःच भाडेकरू असू शकतो, आणि तुम्ही पोटभाडेकरू.

करार वाचा. पूर्ण. नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिटचं काय, रंगकाम कोणाचं, पाहुणे चालतात का, दार किती वाजता बंद. पंखे, ट्यूब, गीझर, कॉट यांची यादी करारातच टाकून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण पोचपावतीची प्रत मागून घ्या.

कॉट बेसिसवाले किंवा पीजीवाले (पेइंग गेस्ट ठेवणारे) करार करायला तयार नसतात. तिथे निदान एक करा. भाडं, डिपॉझिट, नोटीस हे सगळं लिहून त्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवा, ‘आपलं असं ठरलंय ना?’ आणि ‘हो’ येईपर्यंत पैसे पाठवू नका.

९. सामान

गावाहून गादी आणू नका. ट्रॅव्हल्सवाला तिचे वेगळे पैसे घेतो, आणि वाकडेवाडीला पहाटे गादी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला रिक्षावाला मीटरने नेत नाही. (शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीला आहे. जुन्या लोकांनी सांगितलेल्या पत्त्यावर उतरायला जाल तर चुकाल.) टेबल, खुर्ची, लोखंडी कॉट मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळतात, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. भाव निम्म्यापासून सुरू करा. बादली, मग, दोरी, चिमटे तुळशीबागेत किंवा खडकी बाजारात.

कुलूप मात्र स्वतःचं, नवीन, ताबा घ्यायच्या दिवशीच न्या. बोपोडीच्या खोलीचं जुनं कुलूप मी आठवडाभर तसंच वापरलं, आणि एका दुपारी प्रयोगशाळेतून लवकर आले तर आधीची भाडेकरू माझ्या कॉटवर बसून तिचं राहिलेलं टपाल चाळत होती. चांगली मुलगी होती. जाताना तिची किल्ली टेबलावर ठेवून गेली, आणि मेसच्या काकूंचं नाव तिनेच सांगितलं.